पावणेदोन इंचांची जागा

सास्तूर,
४ ऑक्टोबर २०२५

श्री. शांतलिंग कोराळे, ढोकी

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार, सगळं पूर्वी लिहायचे. आता त्यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोनच केला असता. पण साखर कारखान्याच्या मिलघरात तुमचे कान गेल्यापासून तुम्ही फोनला हात लावत नाही, आणि तुमच्या घरातल्या दुसऱ्या कुणाशी बोलायची माझी इच्छा नाही. तुमच्या मुलाशी तर मुळीच नाही. मे महिन्यापर्यंत तो माझा नवरा होता. कागदोपत्री अजून आहे.

काम आहे म्हणून लिहितेय. काम पत्र्याचं आहे.

आमच्या गावात इंटरनेट बाहेरून एका तारेनं येतं. ते एकशेबारा घरांना वाटून देणारं यंत्र म्हणजे राउटर. कंपनीचं मोठं यंत्र मिळतं, पण ते बिघडलं की पुण्याला पाठवा आणि महिनाभर तोंड बघत बसा. म्हणून मी साध्या कॉम्प्युटरचाच राउटर करते. पाच महिने झाले, तो कॉम्प्युटर ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आडवा, उघडा पडलाय. परवा आत पाल शिरली. पाल मेली आणि सहा तास गाव बंद. सरपंच प्रेमाबाईंनी आता लेखी कळवलंय की खुर्ची उचला, सगळं भिंतीवरच्या लोखंडी रॅकमध्ये बसवा, नाहीतर खोली सोडा.

रॅकमध्ये वर फायबरचं यंत्र आहे, खाली स्विच आणि बॅटरी. मध्ये एकच खण मोकळा आहे, एकोणीस इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच. त्यात सरकेल असं चपटं खोकं हवंय. नकाशा सोबत जोडलाय.

तीस नोव्हेंबरला गावाची बैठक आहे. तुमचा नंदीश लोहाऱ्यात कुठल्याशा इंटरनेट कंपनीचा एजंट झालाय. सास्तूरचं काम बाईकडून काढून आपल्याला द्यावं, असा अर्ज त्यानं केलाय. त्या दिवशी माझं यंत्र रॅकमध्ये चालू दिसलं पाहिजे.

जिल्ह्यात पत्रा वाकवणारे पुष्कळ आहेत. अर्ध्या मिलीला जागणारा मला एकच माहीत आहे, आणि नेमके ते तुम्ही निघालात.

नंदीशला विचारून हो-नाही ठरवणार असाल तर नकाशा परत पाठवा. मजुरी तुम्ही सांगाल ती. उपकार नकोत.

शिवांजली


ढोकी,
११ ऑक्टोबर २०२५

शिवांजलीबाई,

नकाशा मिळाला. तुम्ही नकाशा म्हणता म्हणून मीही म्हणतो.

पत्रा वाकवला की कोपऱ्यात किती जातो, ते कुठंच धरलेलं न्हाई. कागदाची घडी आणि पत्र्याची घडी एकच समजणाऱ्या माणसानं रांगोळी काढावी. हवा आत घ्यायच्या खिडक्या समोर आणि बाहेर सोडायच्याबी समोरच. म्हणजे खोक्यानं तोंडानंच श्वास घ्यायचा आणि तोंडानंच सोडायचा. बी.एस्सी. झालात ना तुम्ही उमरग्याला? मदरबोर्डची लांबी-रुंदी दिलीय, पण त्याच्यावर पंखा धरून उंची किती, ते मी स्वप्नात बघायचं का? आणि दोन बाजूंच्या पट्ट्यांना तुम्ही 'कान' लिहिलंय. बरं आहे. खोक्याला तरी कान असू द्यात.

तुम्हाला सांगायला हरकत न्हाई. असलंच एक खोकं माझ्या घरात आहे. माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं केलेलं. बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवलंय. हातोडीचे वण दिसतात, एक भोक चुकलंय, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानानं हात बरा आहे. कारखान्यातले लोक आले की मी दाखवतो. ज्याला तुम्ही घराबाहेर काढलंत त्याचं हे काम. गावभर वायरी त्यानं ओढल्या, यंत्र त्यानं बनवलं, आणि तुम्ही तयार ताटावर बसलात. आता ताट सरकलं तेव्हा बापाची आठवण झाली.

तरीपण आलेलं काम परत पाठवायची मला सवय न्हाई. नंदीशला विचारलेलं न्हाई आणि विचारणारबी न्हाई. पत्रा कोणता घ्यायचा ते मला कुणी शिकवायला नको. खाली जी अकरा मापं विचारलीत, ती नीट घेऊन पाठवा. अंदाजानं न्हाई.

शांतलिंग कोराळे


सास्तूर,
१५ ऑक्टोबर २०२५

श्री. कोराळे,

अकरा मापं सोबत आहेत. व्हर्नियरनं घेतलीत, प्रत्येक माप दोनदा. पंखा धरून मदरबोर्डची उंची सदतीस मिली. चार जोडण्यांचं जे कार्ड आहे ते उभं बसत नाही, म्हणून आडवं घ्यायचंय. त्याच्या खालची पट्टी वेगळी काढून दाखवलीय. खिडक्यांची चूक माझी. हवा समोरून आत आणि मागून बाहेर. मळणीच्या दिवसांत इथं किती धूळ उडते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून समोर बारीक जाळी लागेल.

आता कपाटावरच्या खोक्याबद्दल.

ते खाली घ्या. झाकणाला चार स्क्रू आहेत. मागच्या डाव्या स्क्रूचा आटा गेलाय. तो मी घालवला, मार्चमध्ये, घाईत. उजवा मागचा कोपरा तिरका कापलाय, कारण वीज आणणारी केबल इतकी ताठ होती की सरळ कोपऱ्यात वळत नव्हती. आणि झाकण उलटं करून बघा. माझ्या वडिलांच्या दुकानावरचा जुना बोर्ड कापून मी ते केलंय. रंग आत गेलाय.

मे महिन्यात मी बारशाला उमरग्याला गेले होते. त्या दुपारी तुमच्या मुलानं ते यंत्र रॅकमधून काढून मोटरसायकलवर बांधलं आणि नेलं. मी परत आले तेव्हा एकशेबारा घरं बंद होती आणि माझ्या दारात माणसं उभी होती. त्याला मी घराबाहेर काढलं म्हणता. काढायला तो घरात होता कुठं?

तुम्ही पाच महिने ते पाहुण्यांना दाखवताय. बरं झालं. माझं काम कुणीतरी कौतुकानं दाखवलं म्हणायचं.

शिवांजली


सास्तूर,
२ नोव्हेंबर २०२५

श्री. कोराळे,

अठरा दिवस झाले. उत्तर नाही, म्हणजे झाकण उघडलंत. उघडलं नसतंत तर आतापर्यंत दोन पानं शिव्या आल्या असत्या.

मला तुमच्या मनःस्थितीशी काही देणंघेणं नाही. मला खोकं हवंय. नंदीश आता भूकंपानंतरच्या नव्या गावठाणात गल्लीगल्लीनं फिरतोय, दारावरचे घर नंबर वहीत उतरवतो आणि सांगतो, "बाईचं यंत्र खुर्चीवर आहे, खुर्ची मोडली की गाव बंद." लोक हसतात. त्यांनी हसावं असंच ते दिसतं, हे मला कबूल आहे. मंगळवारी परत तापून बंद पडलं आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले होते. हेही तो सांगत असेल.

काम होणार नसेल तर एका ओळीचं कार्ड टाका. शांतलिंग फिटरनं दिलेलं काम अर्धवट टाकलं, हे सांगायला मला आवडेल.

शिवांजली


ढोकी,
६ नोव्हेंबर २०२५

शिवांजली,

काम अर्धवट टाकलेलं न्हाई. पत्रा कापून झालाय, कान वाकवून झालेत. पुढचं वाच.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी झाकण उघडलं न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. तुला खोटं पाडायचं तर उघडावं लागणार, आणि तू खोटी निघाली न्हाईस तर काय, हे मला आधीच समजलं होतं. आठ दिवस मी त्या कपाटाकडं पाठ करून जेवलो. शेवटी तुझ्या सासूनं, इरम्मानं पाटी घेतली (ती माझ्याशी पाटीवर लिहून बोलते) आणि लिहिलं, "लोखंडाला भ्यायला लागलाव का?"

मग खाली घेतलं. मागचा डावा स्क्रू हातानंच निघाला. झाकण उलटं केलं. पिवळ्या रंगावर निळी अक्षरं, 'शिवपुत्र किरा' आणि तिथं कापलेलं. माझ्या व्याह्याचं नाव माझ्या कपाटावर पालथं पडलेलं, पाच महिने.

रविवारी नंदीश लोहाऱ्याहून आला. मी झाकण त्याच्या पुढ्यात ठेवलं. "कुणी केलं हे?"

त्याचे ओठ मला वाचता येतात. म्हणाला, "मीच की. पत्रा तिच्या बापाचा, काम माझं."

"हा कोपरा तिरका का कापला?"

"कापला म्हणून कापला."

"कशासाठी?"

तो खोक्याकडं बघत राहिला. पंधरा वर्षं वर्कशॉपमध्ये ट्रेनी पोरं तपासलीत मी. ज्यानं काम केलंय तो असा बघत न्हाई.

मग त्यानं पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: "लोक म्हणायचे बायकोच्या हाताखाली कामाला आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी म्हणलं, "मी चाळीस वर्षं चीफ इंजिनिअरच्या हाताखाली काम केलं. मला कुणी हसलं न्हाई."

त्यानं खाली लिहिलं: "तो बाई नव्हता." आणि उठून गेला.

माझ्या हाताखाली वाढलेला मुलगा. त्याला कानस धरता येत न्हाई हे मला माहीत होतं. लाज धरता येत न्हाई हे आता कळलं.

आता तुमच्या दोघांच्या भांडणावर जूनमध्ये दोन्ही घरची माणसं बसली, ती बैठक. मी तुझ्या वडलांच्या अंगणात बसून मान हलवत होतो. मला ऐकू येत नव्हतं. वीस माणसांत आपण बहिरे ठरू नये म्हणून, ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडं बघून मान हलवली. काय बोलले ते मला आजबी ठाऊक न्हाई. विचारता आलं असतं. विचारलं न्हाई. हे कारण म्हणून सांगत न्हाई. मी किती हलका माणूस आहे ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

जुनं यंत्र तुझं आहे. नव्याबरोबर पाठवून देतो.

शांतलिंग


सास्तूर,
१० नोव्हेंबर २०२५

श्री. कोराळे,

जुनं यंत्र पाठवू नका. रॅकमधून ओढून काढताना त्यानं आतला बोर्ड तडकवला असणार, आणि नसला तरी मला तो नकोय. तुमच्याच कपाटावर राहू द्या. कुणी विचारलं तर कुणाचं ते सांगा.

बैठकीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही म्हणता. तर ऐका. तुमचे मेहुणे म्हणाले, "सुनेनं लोकांच्या गच्च्यांवर चढून वायरी ओढायच्या, ही कुठली रीत?" तुम्ही मान हलवली. नंदीश म्हणाला, "यंत्र माझं होतं, नेलं तर चोरी कशी?" तुम्ही परत मान हलवली. तेव्हा माझ्या वडिलांनी तुमच्याकडं बघितलं. त्यांचा तुमच्यावर फार भरवसा होता. शांतलिंगराव खोट्याला हो म्हणणार नाहीत, असं ते आदल्या दिवशी मला सांगत होते. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "जाऊ दे बाळ, आपल्याकडूनच काही चुकलं असेल."

त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला कधी माफ करेन असं वाटत नाही. तुम्ही पत्रात माफी मागितली नाहीत, ते मात्र बरं केलंत. मागितली असतीत तर मी पत्र फाडलं असतं.

खोकं कधी येतंय?

शिवांजली


ढोकी,
१७ नोव्हेंबर २०२५

शिवांजली,

पत्र वाचलं. तुझे वडील चुकले न्हाईत. त्यांनी माणूस चुकीचा धरला.

खोकं आज एसटीच्या पार्सलनं लोहाऱ्याला निघालंय. सव्वा मिलीचा पत्रा, आतून प्रायमर, बाहेरून काळा रंग. जाळी काढून धुता येईल अशी केलीय. बोर्डाखालचे खुंट पितळेचे, लेथवर काढलेले. एवढं साफ काम तुझ्या त्या कंपन्यांच्या बापानं केलेलं नसेल. बसवताना हातोडी वापरू नको. लागणारच न्हाई.

शांतलिंग


सास्तूर,
२० नोव्हेंबर २०२५

श्री. कोराळे,

खोकं बसत नाही.

आतलं सगळं बसलं. बोर्ड, आडवं कार्ड, चपटा पंखा, सगळं जागच्या जागी, केसभरही हलत नाही. सुरू करून पाहिलं, चार तास चालवलं, तापलं नाही. तेवढं श्रेय तुमचं. पण रॅकमध्ये सरकवायला गेले तर अर्ध्यावर अडकलं. झाकणावर तुम्ही सहा स्क्रू मारलेत आणि सहाच्या सहा डोकी वर काढून उभी आहेत. दोन मिली. पावणेदोन इंचांच्या खणात त्या दोन मिलीला जागा नाही, हे माझ्या पहिल्या पत्रात पहिल्या पानावर होतं.

चाळीस वर्षं फिटर! कंपन्यांच्या बापाचं काढलं होतंत. कंपनीचं यंत्र निदान खणात जातं.

वडिलांना दाखवलं. ते इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मी त्यांना म्हणाले, पार्सल परत पाठवते. ते म्हणाले, "शांतलिंगरावांना कळू दे फक्त. ते झोपायचे नाहीत."

दहा दिवस राहिलेत.

शिवांजली


ढोकी,
२३ नोव्हेंबर २०२५

शिवांजली,

स्क्रूची डोकी. एखाद्या ट्रेनीनं केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपच्या बाहेर उभा केला असता.

पार्सल परत पाठवू नको, जाण्यायेण्यात दिवस जातील. तीस तारखेला पहिल्या गाडीनं मीच येतो. झाकणावरचे स्क्रू काढून त्याच्या कडांच्या पाकळ्या खाली वळवायच्या आणि मागच्या अंगानं आवळायचं. तीन तासांचं काम आहे. ड्रिल आणि कानस आणतो. तू फक्त एक भक्कम टेबल आणि विजेची जोडणी ठेव.

तुमच्या घरी येणार न्हाई. पंचायतीच्या व्हरांड्यातच बसेन. तुझ्या वडलांपुढं उभं राहायचं धाडस मी अजून करू शकत न्हाई. चहा नको.

शांतलिंग


ढोकी,
२ डिसेंबर २०२५

शिवांजली,

परवा तीनच्या गाडीनं निघालो, तुझ्याशी न बोलता. बोलून काय ऐकू आलं असतं.

मला जे दिसलं ते लिहितो, उरलेलं तू लिही.

खोकं सव्वाबाराला खणात गेलं. तू एका बोटानं ढकललंस. मी बघत होतो. नंतर तू दिवे मोजलेस आणि तुझा खांदा खाली आला. मग माणसं जमायला लागली. नंदीश कंपनीच्या माणसाला घेऊन आला, पांढरा शर्ट घालून. मला बघून थबकला, मग हसला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना काहीतरी सांगायला लागला. लोक माझ्याकडं बघून मान डोलवत होते. माझीबी मान हलणारच होती. सवय आहे.

तेवढ्यात तू वहीचं पान फाडून माझ्यापुढं धरलंस. ते पान माझ्या खिशात आहे. 'नंदीश म्हणतोय: खोकं अप्पांनी केलंय, म्हणजे हे काम आमच्याच घरचं. हिला फक्त बटण दाबता येतं.'

त्यानंतर मी उभा राहून बोललो. मला माझा आवाज ऐकू येत न्हाई, पण व्हरांड्यातली कबुतरं उडाली, म्हणजे मोठा असणार. म्हणलं, "खोकं माझं. आत जे चालतंय ते हिचं. आधीचंबी हिचंच व्हतं, ह्यानं चोरून नेलं. जूनमध्ये मी मान हलवली ती न ऐकता हलवली." तुझे वडील मागं खांबाला टेकून उभे होते. त्यांच्याकडं बघून शेवटचं वाक्य परत एकदा म्हणलं.

मग नंदीशचा चेहरा बघवेना. पोरगाच आहे माझा. कानस पिशवीत टाकून निघालो. त्याची माझ्याकडं पाठ होती आणि तो गावाला काहीतरी सांगत होता.

लोक काय म्हणाले? आणि तो काय म्हणाला? खरं लिही. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून गोड केलंस तर मला कळेल.

शांतलिंग


सास्तूर,
७ डिसेंबर २०२५

श्री. कोराळे,

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कशाला गोड लिहू?

तुमचा आवाज फार मोठा होता. शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू गेला म्हणतात. तुम्ही 'चोरून' म्हणालात तेव्हा दोघंतिघं हसले, तुमच्या बोलण्याला नाही, तुमच्या ओरडण्याला. पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "सासरा-सुनेचं आधी ठरलेलं दिसतंय." असली माणसं प्रत्येक बैठकीत पुढच्या खुर्चीवरच का बसतात कोण जाणे. कंपनीच्या माणसाला काही कळलं नाही. तो सारखा घड्याळ बघत होता. त्याला रॅकमध्ये काय आहे ते दाखवलं, तर म्हणाला, "हे लोकल आहे का?" जणू लोकल हा एखादा रोग आहे.

प्रेमाबाईंनी सगळ्यांसमोर नंदीशला विचारलं, "चोरून नेलं का न्हाई, एवढंच सांग." तो म्हणाला, "नवरा-बायकोत चोरी नसती." तेव्हा बायका मागून ओरडल्या. एवढ्या बायका आल्यात हे तोवर मला दिसलंच नव्हतं. इतके दिवस गच्चीवर वायर ओढायला मी चढायचे तेव्हा शिडी धरायला याच असायच्या.

निर्णय असा झाला की ज्याला ज्याची जोडणी हवी त्यानं ती घ्यावी. खोली माझ्याकडं राहिली. एकशेबारापैकी सदुसष्ट घरं राहिली, पंचेचाळीस नंदीशकडं जाणार. त्यात माझ्या सख्ख्या चुलत्याचं घर आहे. त्यांना कंपनीचा टी-शर्ट मिळालाय. घालून फिरतात.

यंत्र सात दिवस एकदाही बंद पडलेलं नाही.

वडील तुमच्या मागे स्टँडपर्यंत गेले होते. गाडी हलली होती. ते परत आले आणि म्हणाले, "चहासुद्धा घेतला नाही त्यांनी." मी सांगितलं, तुम्हीच नको म्हणाला होता. ते माझ्यावर चिडले. त्यांच्यामते असं कुणी म्हटलं तरी करायचा असतो.

आता तुम्ही दुसरं विचारलंत ते. पत्र संपत आलं तरी मी ते लिहिलं नव्हतं. दोनदा लिहिलं आणि खोडलं, वरच्या ओळीत तुम्हाला दिसेल. तुम्ही व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होतात. नंदीश म्हणाला, "आजपासून मला बाप न्हाई. त्या बहिऱ्याला कुणीतरी गाडीत बसवून द्या." सगळ्यांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

जूनमध्ये तुम्ही मान हलवलीत, तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला या वेळी येत होतं.

शिवांजली


ढोकी,
१३ डिसेंबर २०२५

शिवांजली,

खोडलेलं वाचता आलं न्हाई. न खोडलेलं वाचलं. लिहिलंस ते बरं केलंस. इरम्माला दाखवलं न्हाई.

गप्प बसलीस याचा माझ्यापाशी हिशेब देऊ नको. त्या बहिऱ्यासाठी बोलायचं तुला काय कारण होतं?

पंचेचाळीस घरं गेली त्याचं मनाला लावून घेऊ नको. टी-शर्टवर जाणारी माणसं गेली, यंत्राला तेवढा ताप कमी. मात्र तुझ्या रॅकला भिंतीत चारच खिळे आहेत आणि खालचा डावा ढिला आहे. मला त्या दिवशीच दिसलं होतं. इतका निष्काळजीपणा मी ट्रेनी पोरातबी बघितला न्हाई. सहा इंची बोल्ट पाठवतोय, गवंडी बोलावून बसव. तू स्वतः बसवू नको, तुझं ड्रिल धरणं मी पाहिलंय.

तुझ्या वडलांना माझा नमस्कार सांग. संक्रांतीनंतर येईन. घरी येईन. चहा घेईन.

नंदीश परवा आला होता. आईला भेटायला. जेवायच्या वेळेलाच आला म्हणून त्याचंबी ताट घेतलं. माझ्यासमोर बसला. सबंध जेवणात माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई. इरम्मा त्याला खुणेनं सांगत होती, बोल म्हणून. त्याला वाटलं असेल की मला कळत न्हाई, मला सगळीच माणसं मुकी. पण पंधरा वर्षं मी लोकांच्या ओठांकडं बघूनच जगतोय. त्याचे ओठ घासापुरते उघडत होते आणि परत मिटत होते.

भाकरी संपत आली तेव्हा मी विचारलं, "अजून वाढू का?" त्यानं वर बघितलं न्हाई. पण ताट थोडं पुढं सरकवलं. मी वाढली.

शांतलिंग